बॅटरीचा अभिषेक

सोमवारी सकाळी त्रिपुरसुंदरी मिसनी इमारतीच्या फलकावर नोटीस लावली. मिस म्हणजे इमारतीच्या संघाच्या चिटणीस. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. शाळा सुटली, पण लाल पेन सुटलं नव्हतं. तमिळ मुलखातल्या वेस्ट मांबलमच्या त्या तीन मजली इमारतीत त्यांना सगळेच मिस म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा.

नोटिशीत कुणाचं नाव नव्हतं. ‘गच्चीच्या जिन्यातल्या वळणावर एका रहिवाशाने ठेवलेल्या चार बॅटऱ्यांवर अज्ञात पदार्थ उगवला आहे,’ एवढंच होतं. इमारतीत बॅटऱ्या एकाच घराच्या होत्या, त्यामुळे नाव न घालण्याची सभ्यता नंदिताला जरा जास्तच लागली. रविवारी सकाळी दहा वाजता पाहणी. तोवर बॅटऱ्या स्वच्छ आणि चालू आढळल्या नाहीत, तर त्या भंगारात देण्यात येतील. ‘उगवला’ या शब्दाखाली लाल रेघ होती.

बॅटऱ्या अप्पांच्या, म्हणजे नंदिताच्या वडिलांच्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी गच्चीवर सौर पॅनेल बसवले आणि वळणावर या चार बॅटऱ्या, आपल्या जुन्या वाणाच्या, आत आम्ल आणि पाणी असलेल्या. घरातला एक पंखा आणि संपूर्ण जिन्यातले दिवे त्यांवर चालत. त्या जिन्याला खिडकी नाही, भर दुपारीही तिथे काळोख. करंट गेला की सगळी इमारत ‘ऐयो’ म्हणायची आणि तोंड मिटायच्या आत जिना उजळायचा. मग अप्पा कॉफीचा टंबलर घेऊन दाराबाहेर येऊन उभे राहायचे, जणू तो उजेड ते स्वतः अंगातून काढून देत होते.

अप्पांना जाऊन अकरा महिने झाले होते. त्या अकरा महिन्यांत करंट सात वेळा गेला आणि सातही वेळा नंदिता जिन्यात जाऊन उभी राहिली. कशासाठी, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही स्वतःला विचारलं नाही. शेवटच्या दोन वेळांना दिवा आला तो आजारी माणसाने डोळे उघडावेत तसा आला आणि इन्व्हर्टर बीप-बीप करू लागला. तो अजून थांबला नव्हता.

नंदिता पेरुंगुडीच्या एका ऑफिसात यंत्रांच्या सूचना-पुस्तिका लिहायची. गेली वीस वर्षं. पंप कसा उघडावा, झडप कशी बसवावी, काय करू नये, हे जगभरच्या लोकांना ती सोप्या, क्रमवार वाक्यांत सांगत आली होती. तिने लिहिलेल्या पुस्तिकेमुळे कुणाचं बोट तुटल्याची तक्रार आजवर आली नव्हती. तेव्हा चार बॅटऱ्या आपल्याला काय जड, असं तिला वाटलं. हे वाटणं मंगळवारपर्यंत टिकलं.

सोमवारी संध्याकाळी तिने वळणावर जाऊन पाहिलं. बॅटरीच्या डोक्यावर दोन खुंट्या असतात, तिथे वायरी आवळलेल्या असतात. त्या आठही खुंट्यांवर पांढरं-हिरवं काहीतरी फुललं होतं. फ्लॉवरचा गड्डा शिळा झाल्यावर दिसतो तसं. ते बघून तिने कुठल्याही नीटनेटक्या माणसाने केलं असतं तेच केलं: आधी भोवतीची अडगळ आवरली.

बॅटऱ्यांच्या शेजारच्या कोनाड्यात अप्पांनी एक छोटंसं देवस्थानच करून ठेवलं होतं. एक पत्र्याचा डबा, वर तीन आडवे पट्टे ओढलेले, आत पांढरी पूड. एक वाटी, तिच्यात थिजलेलं जुनं तूप. आणि एक पाना, मुठीपासून मानेपर्यंत जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, चिंधीत गुंडाळून वरून तांबडा दोरा आवळलेला. अप्पा दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आंघोळ करून इथे येत आणि अम्मा मागून तांब्या घेऊन येई. आयुधपूजेला तर तासभर चाले. यंत्रालाही गंध लावावं, हे या गावात कुणाला खटकत नाही. नंदितालाही खटकलं नव्हतं. पण आता वेळ विज्ञानाची होती. तिने विभूती आदराने कढीपत्त्याच्या कुंडीत विसर्जित केली, तुपाची वाटी खरवडून घासायला टाकली आणि पान्याचे कपडे उतरवून तो लखलखीत पुसून ठेवला.

“अगे, ते का काढलंस?” दारातून अन्नपूर्णाबाई इकडच्या जुन्या मराठीत म्हणाल्या. “तुझे अप्पा त्यांचा अभिषेक करत होते की. यंदा आपल्याला वर्ष आहे, पूजा नाही, सण नाही. म्हणून त्या रुसल्या.”

“बॅटऱ्या रुसत नाहीत, अम्मा.”

“मग हे काय जाहलं?”

नंदिताने कंपनीला फोन केला.

बॅटरीच्या कंपनीतली मुलगी अतिशय गोड होती.

“आपण व्यंकोजी बोलताय का?”

“नाही. मी त्यांची मुलगी.”

“नोंदणी त्यांच्या नावावर आहे, मॅडम. त्यांच्याशीच बोलावं लागेल.”

“ते नाहीत.”

“कधी येतील, मॅडम?”

वीस वर्षं नेमकी वाक्यं लिहिणाऱ्या बाईला इथे वाक्य सुचेना. “येणार नाहीत,” ती शेवटी म्हणाली.

“मग मी संध्याकाळी फोन करू?”

“ते वारले.”

पलीकडे बटणांचा आवाज झाला. मुलीने मनापासून दुःख व्यक्त केलं, मग सांगितलं, की मालक बदलल्याचा अर्ज भरावा लागेल आणि त्यावर जुन्या मालकांची सही लागेल.

“जुने मालक वारले म्हणून तर मालक बदललाय.”

“हो मॅडम. म्हणूनच तर सही लागते.”

हा मुद्दा दोघींनी तीन वेळा एकमेकींना समजावून सांगितला. अखेर मुलीला दया आली. तक्रार जुन्याच नावावर घेता येईल, म्हणाली, फक्त फोनवर आलेला आकडा सांगा. आकडा अप्पांच्या फोनवर आला. अप्पांचा फोन देवघराच्या फळीवर होता आणि शंभर टक्के भरलेला होता. अम्मा तो रोज चार्ज करायची. कुणी चौकशी केली तर, म्हणून. नंदिताने आकडा वाचून दाखवला. ‘प्रिय व्यंकोजी, आपली तक्रार नोंदवली आहे,’ असा निरोप आला. तंत्रज्ञ पंधरा कामकाजी दिवसांत येणार होता. रविवार सहा दिवसांवर होता, त्यातला एक संपलाच होता.

मंगळवारी तळमजल्यावरचे तुळजाजी मामा वर आले. मामा नात्याने कुणाचेच नव्हते, इमारतीचे होते. तांबरमच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेची कपाटं सांभाळून ते निवृत्त झाले होते, त्यामुळे रसायनशास्त्र त्यांच्या हाताखालून गेलं होतं, निदान बाटल्यांत भरलेलं. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर फिरायला जाताना ते अप्पांच्या कोनाड्यापाशी थांबत, डब्यातली चिमूटभर विभूती कपाळाला लावत आणि पुढे जात. आज त्यांनी डबा उघडला, रिकामा बघून मान हलवली आणि मग निदान केलं.

“गंज कशाने येतो? हवेने. हवा बंद, गंज बंद. खोबरेल लाव. माझ्या स्कूटरला वीस वर्षं खोबरेल लावलं.”

“आणि गंज आला नाही?”

“स्कूटर चोरीला गेली. पण गंज? नाही!”

नंदिताला हे पटलं नाही. पण मामा बाटली घेऊनच आले होते, आणि वडीलधाऱ्या माणसाच्या हातातल्या उघड्या बाटलीपुढे सूचना-पुस्तिकेची शिस्त चालत नाही. आठही गड्ड्यांवर खोबरेल ओतलं गेलं. बुधवारी सकाळी तळमजल्यापासून वळणापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. रांग इतकी सरळ होती, की त्रिपुरसुंदरी मिसनाही तिच्यात दुरुस्ती सुचवता आली नसती.

मुंग्यांच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरचा पुष्कर आला. तो पुण्याचा, एका मोटार कंपनीत विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवर काम करणारा. म्हणजे अखेर खरा जाणकार, असं नंदिताला वाटलं.

पुष्करने बॅटऱ्यांकडे पाहिलं. पुरातत्त्व खात्याचा माणूस मडक्याकडे बघतो तसं.

“नंदिताताई, मुळात हे तंत्रज्ञानच संपलंय. तुम्ही लिथियम घ्या.”

“घेईन. पण रविवारपर्यंत?”

“रविवारपर्यंत…” पुष्करने डोकं खाजवलं. “आमच्याकडे टर्मिनलला गंज येतच नाही हो. त्यामुळे तो काढायचा कसा हे कुणी शिकवत नाही. थांबा, मी व्हिडिओ बघतो.”

व्हिडिओत एका दाढीवाल्या माणसाने गंजावर कोला ओतला होता, तो फसफसला होता आणि गंज विरघळून गेला होता. पुष्करने घरातून दोन लिटरची बाटली आणली. कोला फसफसला. एवढ्यापर्यंत व्हिडिओ खरा होता. मग तो खोबरेलावरून ओघळून बॅटऱ्यांच्या अंगावर, तिथून जमिनीवर आणि तिथून जिन्याच्या पायऱ्यांवर गेला, आणि मुंग्यांनी आपल्या नातेवाइकांना बोलावून घेतलं.

“त्या माणसाने शेवटी पाणी टाकून धुतलं होतं का रे?” नंदिताने विचारलं.

“तिथपर्यंत मी बघितलं नाही. जाहिरात आली.”

एव्हाना नंदिताच्या वहीत चार सल्ले जमले होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. हवा बंद करा. हवा लागू द्या. ओलं करा. ओलं अजिबात करू नका. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, की तिच्या घरी ग्रीस लावतात. दुसरी म्हणाली, ग्रीस लावल्यामुळेच तिच्या घरची बॅटरी गेली. ग्रीस कुठे लावायचं, वायरीच्या आत की वरून, हे दोघींनाही माहीत नव्हतं. नंदिताने बॅटरीसोबत आलेली पुस्तिका शोधून काढली. ‘टर्मिनल नियमितपणे स्वच्छ ठेवावे’ असं तिच्यात लिहिलं होतं. कशाने, ते नव्हतं. हे वाक्य वाचून तिला धंद्याची लाज वाटली. अशी वाक्यं तिने स्वतः शेकड्याने लिहिली होती.

गुरुवारी अन्नपूर्णाबाईंची सहनशक्ती संपली.

“पोदुम! पुरे करा तुमचा तमाशा,” त्या चिंचेचा गोळा घेऊन बाहेर आल्या. “पितळेवर हिरवं आलं तर काय करतात, हे तुम्हा शिकलेल्यांना ठाऊक नाही? माझी समई बघ. साठ वर्षांची आहे.”

समईच्या दाखल्यात तथ्य होतं. वायरींच्या टोकांना पितळेचेच चाप होते. अम्माने अर्धा तास चिंच घासली, आणि चाप असे निघाले, की त्यांत तोंड दिसावं. तुळजाजी मामांनी टाळी वाजवली. पुष्कर म्हणाला, “काकू, तुम्ही आमच्या कंपनीत या.” नंदिताने फोटो काढला आणि मोहाला बळी पडून तो मिसना पाठवला, खाली एक ओळ लिहून: ‘पाहणीची आवश्यकता नसावी.’

मिसचं उत्तर आलं: ‘आवश्यकता आहे. रविवार, दहा.’

शुक्रवारी सकाळी हिरवं पुन्हा आलं होतं. पूर्वी शिळं होतं, आता कोवळं होतं. नंदिता त्याच्याकडे बघत उभी असताना तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली, जी सोमवारीच यायला हवी होती. बॅटरीत आम्ल असतं. त्याची वाफ, त्याचा ओलावा बाहेर येऊन खुंटी खातो. खोबरेल सोडलं तर चिंच काय आणि कोला काय, सगळं आंबटच. आपण आठवडाभर आम्लाला आम्ल पाजत होतो. नववीतल्या मुलीला जे कळतं ते चार जणांत मिळून कुणाला सुचलं नव्हतं, आणि त्यांतला एक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला होता.

निदान वायरी तरी घट्ट करू, म्हणून तिने पाना घेतला. तोच, लखलखीत पुसलेला. मामा कंदील धरावा तसा मोबाईलचा उजेड धरून उभे होते, पुष्कर तीन पायऱ्या वर. तिने पाना एका खुंटीवर लावून फिरवला आणि त्याची दुसरी बाजू अलगद शेजारच्या खुंटीला टेकली.

फट्!

निळा-पांढरा लोळ उठला. पाना तिच्या हातातून उडून जिन्यावरून ठणठणत खाली गेला. पुष्कर तीन पायऱ्या बसल्या बसल्या उतरला. मामांनी कुठल्या तरी देवाचं नाव घेतलं, ते अर्ध्यावर बदलून दुसऱ्या देवाचं घेतलं. आणि मग सगळीकडे एकदम शांत झालं. आठवडाभर चाललेलं बीप-बीप थांबलं होतं.

“बघ!” मामा म्हणाले. “थांबलं की! बरी जाहली!”

“बरी नाही झाली, मामा,” पुष्कर जमिनीवरूनच म्हणाला. “बंद पडली.”

पाना थेट पहिल्या मजल्यावर मिसच्या दारात जाऊन थांबला होता. त्या तो दोन बोटांत धरून वर आल्या. त्याच्या डोक्याला काळा डाग पडला होता. त्यांनी नंदिताकडे पाहिलं, तिचा हात उलटसुलट करून बघितला, भाजला नाही याची खात्री केली आणि मगच बोलल्या.

“हे माणूस मरायचं काम आहे, मा. व्यंकोजी सारांनी अकरा वर्षांत एकदा आवाज केला नाही. तू पाच दिवसांत काय काय केलंस! रविवारची वाट कशाला? उद्याच भंगारवाल्याला बोलावू का?”

“रविवार म्हणजे रविवार, मिस,” नंदिता म्हणाली. आवाज जरा चढला. मिसनी पाना पायरीवर ठेवला आणि त्या खाली गेल्या.

त्या दिवशी नंदिता ऑफिसला गेली नाही. खोलीत बसून एका पुस्तकाची तीच तीन पानं वाचत राहिली. अम्माने जेवायला हाक मारली तेव्हा जेवली. अप्पांचं वर्ष पुढच्या महिन्यात होतं आणि त्यांनी मागे ठेवलेली एकमेव चालती गोष्ट तिने आंबट घालून, तेल घालून, शेवटी वीज पाडून बंद केली होती. हे ज्याला सांगावं असा माणूस एकच होता.

शनिवारी सकाळी गुरुजींचा फोन आला. वर्षश्राद्धासाठी तीन पिढ्यांची नावं हवी होती. पणजोबांपर्यंत नंदिताला येत होती, पणजीचं नाव अम्मालाही आठवेना. “त्यांच्या पोथ्यांच्या बासनात आहे,” अम्मा म्हणाली. तांबड्या कापडाचं ते बासन वर्षभर बांधलेलंच होतं. नंदिताने ते सोडलं. व्रतांच्या पोथ्या होत्या, नावांची वही होती, पणजीचं नाव सापडलं, आणि वहीच्या शेवटच्या पानावर अप्पांच्या सरळ, सुट्या अक्षरांत मथळा होता: ‘बॅटरीचा अभिषेक. विधी.’

नंदिता उभ्यानेच वाचू लागली.

‘महिन्याच्या अखेरच्या शुक्रवारी करावा, आयुधपूजेस विशेष. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढावं. या देवाला सोनं चालत नाही. मग सूर्यास रजा द्यावी, म्हणजे गच्चीवरचा तांबडा खटका खाली. मग इन्व्हर्टर, मग बॅटरीचा खटका. काळी वायर आधी काढावी, तांबडी मागाहून. जोडताना तांबडी आधी, काळी शेवटी. यात चूक नको. पान्याचं सोवळं कधीही सोडू नये. सोडल्यास वीज पडते. बॅटरीची टोपणं घट्ट आहेत का बघावं, तीर्थ आत जाता कामा नये. डब्यातला खायचा सोडा दोन चमचे, कोमट पाणी एक तांब्या. पाणी अन्नपूर्णेने आणावं. जुन्या दात घासायच्या ब्रशने फेस थांबेपर्यंत घासावं. मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. ओलं ठेवू नये. वायरी घट्ट आवळाव्या आणि मगच वरून वाटीतला लेप द्यावा. लेप म्हणजे मेडिकलमधली पेट्रोलियम जेली. तूप नव्हे, खोबरेल नव्हे, तुळजाजी काहीही म्हणोत. हात धुवावे. कॉफी.’

तिने ते पुन्हा वाचलं. वीस वर्षांच्या सवयीने हात पेन्सिलकडे गेला आणि परत आला. एका शब्दाचीही दुरुस्ती नव्हती.

मग एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. विभूती म्हणून कुंडीत विसर्जित केला तो सोडा होता. जुनं तूप म्हणून खरवडलं तो लेप होता. चिंधी म्हणून सोडली ती पान्याची गादी होती, विजेपासून हात राखणारी. गंज रोखायला जे जे लागतं ते सगळं सोमवारी संध्याकाळी तिच्या हातात होतं, आणि ते सगळं फेकून ती गंज रोखायला निघाली होती.

तिने अम्माला मोठ्याने वाचून दाखवलं. अन्नपूर्णाबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“म्हणजे तो अभिषेक नव्हता?”

“साफसफाई होती, अम्मा.”

“अकरा वर्षं!” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “अकरा वर्षं मी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून तांब्या धरला! उपास केला एकदा! या माणसाने माझ्याकडून भांडी घासून घेतली, पूजा म्हणून!”

आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. अकरा महिन्यांत नंदिताने ते ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी तिला काय चाललंय ते कळेना.

कारण उघड होतं. सर्व्हिसिंगची तारीख या घरात कुणी पाळली नसती. पूजा कुणी चुकवली नसती. अप्पांनी पक्का बंदोबस्त केला होता. फक्त एक गोष्ट राहून गेली होती: ते गेले, की घराला वर्ष लागेल आणि वर्षभर पूजाच बंद राहील. हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलं असेल आणि लिहावंसं वाटलं नसेल.

“आता?” नंदिता म्हणाली. “वर्ष संपलं नाही अजून. चालेल तुला?”

“भांडी घासायला वर्ष कशाला आडवं येतंय?” अन्नपूर्णाबाई उठल्या. “पाणी कोमट म्हटलंय की कढत?”

पान्याला नवं सोवळं नेसवलं, वेष्टी अप्पांचीच. मामांना खोबरेलाच्या बाटलीसह खाली पाठवण्यात आलं. पुष्करला बोलावून सूर्यास रजा देण्याचं काम सांगितलं आणि तो, “सूर्यास म्हणजे?” म्हणून तीनदा विचारून गच्चीवर गेला. अम्माने बांगड्या उतरवून ठेवल्या. काळी आधी, तांबडी मागाहून. सोड्याचं पाणी पडलं तसा हिरवा गड्डा सुस्कारा सोडावा तसा फसफसला, चिंच, कोला आणि आठवडाभराची फजिती घेऊन वाहून गेला. फेस थांबेपर्यंत नंदिताने घासलं. लेप देताना तिचं बोट खुंटीभोवती फिरलं, तेव्हा तिला उगीच वाटलं, की बोट आपलं नाही. शुक्रवारच्या लोळाने पडलेला बॅटरीचा खटका वर केला, इन्व्हर्टर लावला, सूर्यास परत बोलावलं. इन्व्हर्टरवर एक हिरवा ठिपका लागला. पुरेसं भरलं की नाही, ते रविवारीच कळणार होतं.

रविवारी दहाला एक मिनिट कमी असताना मिस वर आल्या. गुडघे धरून, एकेक पायरी. मागे मामा, पुष्कर आणि मुंग्यांनी त्रासलेली बाकीची इमारत. मिसनी आठही खुंट्यांवरून नजर फिरवली, एका खुंटीला रुमालाचं टोक लावून बघितलं, कागदावर काही लिहिलं नाही आणि खाली आवाज दिला, “मेन बंद करा!”

जिना काळोखात बुडाला. कुणीतरी सवयीने “ऐयो” म्हणालं.

नंदिता वळणाच्या वरच्या पायरीवर होती. ती आपोआप घराच्या दाराकडे बघत होती.

दिवा लागला. आजारी नव्हे, चांगला ठणठणीत. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांचे चेहरे वर बघत असलेले दिसले.

“सेरी, ठीक आहे,” मिस म्हणाल्या. लाल पेनाने त्यांनी सोबत आणलेल्या नोटिशीतलं ‘उगवला आहे’ खोडून वर ‘गेला आहे’ लिहिलं. पेनाचं टोपण लावताना, कुणाकडे न बघता म्हणाल्या, “करंट गेला की सार दारात उभे असायचे, हातात टंबलर. मला वाटायचं, दिव्याचा केवढा हा गर्व. हल्ली मी वर बघायचं सोडलं होतं.” आणि गुडघे धरून उतरू लागल्या.

मामा कोनाड्यापाशी रेंगाळले होते. नव्याने भरलेला डबा उघडून त्यांनी चिमूट उचलली होती.

“मामा, तो खायचा सोडा आहे,” पुष्कर म्हणाला. “विभूती नाही.”

मामांचा हात कपाळाशी थांबला. “कधीपासून?”

“अकरा वर्षं.”

त्यांनी चिमूट जवळून निरखली. “तरीच,” म्हणाले, “कपाळाला कधी गंज आला नाही,” आणि चिमूट लावून गच्चीवर गेले.

जिना रिकामा झाला. मेन परत लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि नंदिताने आठवण केली नाही. अम्मा कॉफीचा टंबलर घेऊन बाहेर आली. “घे. याच्याशिवाय पुरा होत नाही,” म्हणाली. नंदिता अप्पा उभे राहत तिथे उभी राहिली आणि प्याली. तेवढ्यात अम्माच्या कमरेला खोचलेला अप्पांचा फोन वाजला. निरोप होता.

‘प्रिय व्यंकोजी, आपली बॅटरी चालू झाली का? झाली असल्यास १ दाबा.’

नंदिताने एक दाबला.

‘तंत्रज्ञाच्या कामाला पाचपैकी किती गुण द्याल?’

तिने पाच दिले.

‘तंत्रज्ञाचं नाव लिहा.’

तिने टंबलर कठड्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी, सावकाश, नाव लिहिलं. पाठवलं. थोड्या वेळाने उत्तर आलं.

‘धन्यवाद. आपला अभिप्राय व्यंकोजी यांना कळवण्यात येईल.’